फांदी कोठें कापावी?

घरांत कोणास ताप भरला तर पहिल्या दिवशीं काढा, दुसऱ्या दिवशीं शेजारच्या एखाद्या अनुभवी बाईंचा सल्ला आणि तिसऱ्या दिवशीं डॉक्टर, असा आपला क्रम ठरलेला असतो. परंतु अंगणांतल्या झाडास कांहीं झालें तर आपण कोणास बोलावितों? कुऱ्हाड आणि दोर घेऊन जो कोणी प्रथम भेटेल त्यास. त्याची मजुरी ठरवितांना आपण घासाघीस करतों. त्याला झाडाचें काय कळतें, हें मात्र विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखकानेंहि तें विचारलें नव्हतें, आणि त्याचें फळ आमच्या घरास वीस वर्षांनीं मिळालें.

आमच्या पुण्याच्या घरामागें एक रायवळ आंबा आहे. आजोबांनीं तो वडिलांच्या मुंजीच्या वर्षीं लाविला, म्हणजे आज त्याचें वय ७० वर्षांच्या पुढें आहे. फळ लहान व रेषाळ; पण लोणच्यास तशी कैरी मंडईंत मिळत नाहीं असें आमच्या वहिनींचें मत आहे, आणि त्याविरुद्ध बोलण्याची घरांत कोणाची छाती नाहीं. सुमारें २० वर्षांपूर्वीं ह्या आंब्याची एक मोठी फांदी शेजाऱ्यांच्या भिंतीवर रेलूं लागली, म्हणून आम्हीं ती काढविली. कापणारानें ती खोडास अगदीं घासून कापली; हात फिरवावा तर कोठेंहि उंचवटा लागूं नये. त्या सफाईबद्दल आम्हीं त्यास वर बक्षीसहि दिलें. जखमेवर डांबर फांसलें. सात-आठ पावसाळे गेल्यावर तेथें पोकळी दिसूं लागली, तेव्हां एका गवंड्याच्या सल्ल्यानें ती सिमेंटनें भरली. दांत भरतात तसें झाड भरलें, आणि आम्ही निश्चिंत झालों.

गेल्या वर्षीं वैशाखांत वळवाच्या पहिल्याच वादळांत रात्रीं मोठा आवाज झाला. सकाळीं पाहतों तों स्वयंपाकघराच्या कौलांवर आलेली दुसरी फांदी खोडापासून हातभर अंतरावर चिरलेली! ती पडली नव्हती. पण तिच्या खालूनच मुलें शाळेंत जातात. दादा म्हणाले, "आतां भावना पुरे. झाड काढून टाकूं." वहिनी म्हणाल्या, "एक फांदी चिरली म्हणून झाड काढायचें? मागें तुमचा गुडघा धरला, तेव्हां आम्हीं काय केलें?" दोन दिवस घरांत दोन पक्ष पडले. मुलें अर्थातच वहिनींच्या पक्षांत होतीं. माझें मत कोणी विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तर मीं दादांच्या बाजूनें दिलें असतें, हें कबूल केलें पाहिजे.

झाड काढणें तितकें सोपेंहि नाहीं. १९७५ सालीं महाराष्ट्रांत नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याप्रमाणें स्वतःच्या अंगणांतलें झाड तोडण्यासहि परवानगी घ्यावी लागते. २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्यांहून अधिक वयाच्या झाडांस पुरातन वृक्ष असें वेगळें स्थान मिळालें आहे. तेव्हां अर्ज केला, आणि तो फिरत असतां आमच्या पुतण्यानें एका तरुणास घरीं आणिलें. हा मुलगा पांच वर्षें इंग्लंडांत झाडांची निगा राखणाऱ्या एका टोळींत काम करून परत आला होता. तिकडे हा एक रीतसर धंदा आहे. त्यास शिक्षण आहे, परीक्षा आहेत, आणि परीक्षा दिल्यावांचून कोणी करवत हातांत घेऊन झाडावर चढूं लागला तर त्यास काम मिळणें कठीण.

मला वाटलें होतें, हा आतां सरसर वर चढेल. तो अर्धा तास चढलाच नाहीं. झाडाभोंवतीं फिरला, मुळांजवळची माती उकरून पाहिली, लांकडी हातोडीनें खोड ठिकठिकाणीं ठोकून कान लावून ऐकलें, दुर्बीण लावून शेंडे पाहिले. मग जुन्या जखमेपाशीं थांबून त्यानें विचारलें, "काका, ही कोणीं कापली?" मीं सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. परंतु डॉक्टर जुनें औषध कोणाचें म्हणून विचारतात आणि गप्प बसतात, तेव्हां आपणांस जसें वाटतें, तसें मला वाटलें.

आमचें चुकलें काय, हें त्यानें वहिनींना फांदी दाखवून समजाविलें. फांदी खोडांतून निघते तेथें एक फुगीर वळसा असतो. सदऱ्याच्या गळ्याप्रमाणें तो फांदीस वेढून असतो, म्हणून इंग्रजींत त्यास कॉलरच म्हणतात. हा वळसा फांदीचा नव्हे, खोडाचा भाग आहे. फांदी मेली वा तुटली तर किडीस खोडांत शिरूं न देण्याची तयारी झाडानें ह्याच ठिकाणीं करून ठेविलेली असते. फांदी वळशाच्या किंचित् बाहेर कापली तर झाडाची तटबंदी शाबूत राहते. खोडास घासून कापली तर वळसा जातो, जखम मोठी होते आणि दार उघडें पडतें. उलट हातभर खुंट ठेविला तरीहि वाईटच. तो खुंट कुजतो आणि नवी साल त्यास झांकूं शकत नाहीं. म्हणजे खोट ठरते ती बोटभर इकडे वा बोटभर तिकडे.

हें ज्ञान फार जुनें नाहीं. अमेरिकेच्या वनखात्यांत अॅलेक्स शायगो नांवाचे एक वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. १९५९ सालीं ते तेथें कामास लागले, आणि त्याच सुमारास एका माणसास चालवितां येईल अशी सांखळीची यांत्रिक करवत, जिला चेनसॉ म्हणतात ती, हातीं येऊं लागली होती. त्यापूर्वीं लांकूड तपासावयाचें तें आडवें कापून. शायगोंनीं झाडें शेंड्यापासून बुडाकडे उभीं चिरलीं, तींहि थोडींथोडकीं नव्हत, १५,००० हून अधिक. तेव्हां दिसून आलें कीं, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाहीं. आपल्या शरीरांत बिघडलेल्या पेशींच्या जागीं नव्या येतात. झाड जुन्या लांकडास कधींच दुरुस्त करीत नाहीं. तें त्या भागाभोंवतीं भिंती घालतें, त्यास आंतल्या आंत कोंडून टाकितें आणि बाहेरून नवें लांकूड वाढवून पुढें जातें. १९७७ सालीं त्यांनीं ही उपपत्ति चार भिंतींच्या रूपानें मांडिली. त्यांत सर्वांत बळकट भिंत ती, जी जखम झाल्यावर तयार होणाऱ्या नव्या लांकडाला जुन्यापासून वेगळें करते. ७० वर्षांचा आमचा आंबा पोटांत आपले सगळे जुने घाव घेऊनच उभा आहे, हें ऐकून वहिनींनीं खोडावर हात ठेविला.

मग डांबराचें काय? त्याच वर्षीं शायगो व त्यांच्या एका सहकाऱ्यानें जखमांवर लावावयाच्या लेपांची पांच वर्षें केलेली परीक्षा प्रसिद्ध केली. लेपानें कूज थांबत नाहीं असें तींत दिसलें. आणि सिमेंट? त्याचाहि मान एके काळीं मोठा होता. जॉन डेव्ही नांवाच्या इंग्रज माळ्यानें अमेरिकेंत ओहायोमधील केंट गांवीं हा धंदा उभा केला. १९०१ सालीं त्यानें झाडांच्या डॉक्टरकीवर एक पुस्तकहि प्रसिद्ध केलें. त्या काळांत पोकळ्या खरवडून सिमेंटनें भरणें ही उत्तम विद्या समजली जाई. परंतु झाड वाऱ्यानें वांकतें, सिमेंट वांकत नाहीं. शिवाय खरवडतांना झाडानें कष्टानें घातलेली भिंतच फुटते. म्हणून ती चाल मागें पडली. आमच्या गवंड्यास तेवढें कळलें नव्हतें. त्यास दोष काय द्यावा! "आतां तें सिमेंट काढूं नका," असें मात्र ह्या मुलानें बजाविलें. काढावयास गेलें तर तीच भिंत पुन्हा फोडल्यासारखें होईल.

परवानगी आल्यावर ज्येष्ठांत एके सकाळीं तो आपल्या सोबत्यास घेऊन आला, आणि त्यानें आपलें सामान ताडपत्रीवर मांडलें. तें पाहण्यास आमचेंच नव्हे, शेजारचेंहि घर लोटलें. कंबर व मांड्या यांस वेढणारा पट्ट्यांचा साज, हनुवटीखालीं बंद होणारें शिरस्त्राण, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचे दोर, दंडाएवढी वांकडी हातकरवत, आणि वर चढून वापरावयाची लहान चेनसॉ. विजारीचें नवल सर्वांस वाटलें. तिच्या आंत लांब सैल धाग्यांचे थर असतात; चालती सांखळी मांडीवर आली तर ते धागे ओढले जाऊन यंत्राच्या चाकास गुंडाळतात आणि क्षणांत सांखळी थांबते. विजार फुकट जाते, पाय राहतो. दादांनीं ती हातांत घेऊन वजन पाहिलें आणि म्हणाले, "उन्हाळ्यांत ही घालून काम करायचें?" तो हंसून म्हणाला, "काका, उकडतं खरं. पण सवय होते."

पायास बांधावयाचे लोखंडी खिळे त्यांत नव्हते. ते असतात, पण तोडावयाच्या झाडासाठींच. जें झाड राखावयाचें त्याच्या सालींत प्रत्येक पावलास भोंक पाडणारा मनुष्य त्याचा वैद्य कसला? आमच्या कोंकणांतल्या पाडेल्याची मला आठवण झाली. तो चढावा म्हणून माडाच्या खोडास खांचा पाडलेल्या असतात, आणि त्या खांचा आजोबांच्या वेळच्या असल्या तरी तशाच दिसतात. कारण माड हा आंब्याच्या जातीचा नव्हे. त्यास सालीखालीं नवें लांकूड वाढविणारा थर नाहीं, त्यामुळें त्याची जखम कधीं झांकलीच जात नाहीं.

चढण्याची रीत अशी. चिमुकली वजनदार पिशवी बारीक दोरीस बांधून उंच बेचक्यांतून फेंकावयाची; ती चौथ्या फेंकींत गेली व मुलांनीं टाळ्या पिटल्या. त्या दोरीनें मोठा दोर वर ओढून घ्यावयाचा. मग त्या दोरास दुसऱ्या लहान दोराची अशी गांठ मारावयाची कीं, मोकळी असतां ती सरकते आणि अंगाचा भार पडतांच आवळून बसते. कार्ल प्रुसिक ह्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानें १९३१ सालीं अशी गांठ प्रचारांत आणिली. तिच्याच कुळांतल्या गांठी हे लोक वापरतात. दोर दोन टनांहून अधिक भार सोसतो, पण चेनसॉच्या सांखळीस तो सोसूं शकत नाहीं. म्हणून करवत चालवितांना दोन ठिकाणीं बांधून घ्यावयाचें, हा नियम. एक तुटला तर दुसरा.

खालचा मनुष्य काय करतो, असें मला वाटलें होतें. तो सारा वेळ पट्टे अंगावर चढवून उभा होता. वरचा जायबंदी झाला तर वर जाऊन त्यास उतरविणें हें त्याचें काम. इंग्लंडांत असा मनुष्य खालीं असल्याशिवाय कोणी चढत नाहीं. शिवाय फांदी उतरविण्याचा दोर त्याच्याच हातीं असतो. वीतभर जाडीची, चार हात लांबीची ओली फांदी म्हणजे एका मोठ्या माणसाचा भार! ती कप्पीवरून सोडतांना कप्पीच्या जागेवर दुपटीच्या सुमारास ओढ बसते, आणि झटका बसला तर त्याहूनहि अधिक. म्हणून दोर खोडास वेढे देऊन हळूहळू सोडावा लागतो. आमच्या कौलांपैकीं एकहि फुटलें नाहीं.

शेवटचा छेद पाहण्यास मी गच्चीवर गेलों. त्यानें प्रथम खालून अर्धवट कापलें, म्हणजे फांदी मोडतांना साल खोडापर्यंत सोलली जाऊं नये. मग थोडें पुढें वरून कापून फांदी सोडली. आणि राहिलेला खुंट हातकरवतीनें वळशाच्या बाहेरून काढला. त्यास पांच मिनिटें लागलीं. तेवढ्या पांच मिनिटांसाठीं सकाळपासूनचा सारा खटाटोप होता. जुन्या पोकळीवरचा भार कमी व्हावा म्हणून वरच्या दोन फांद्यांचीं टोंकेंहि त्यानें कमी केलीं. शेंडा मात्र छाटला नाहीं. शेंडा छाटला कीं झुपक्यानें फुटवे येतात, पण त्यांची पकड वरवरची असते, आणि दहा वर्षांनीं तेच डोक्यावर पडतात. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं शहरांतून गाड्यांच्या बाजूनें झाडें सपाट कापलेलीं आपण पाहतों, आणि तीं कापणारे पुष्कळदा पायांत चपला व हातांत कोयता एवढ्याच साधनांनिशीं चढलेले असतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असावें असें आपल्यालाहि कधीं वाटलेलें नाहीं.

"आतां झाड पडणार नाहीं ना?" असें दादांनीं विचारलें. मुलगा म्हणाला, "तसं वचन मी देत नाही, काका. पोकळी आहे ती आहे. दर वर्षी पावसाआधी कोणाला तरी दाखवा. ढोली वाढली, खोडाला अळंबी आली, तर मग काढावंच लागेल." वहिनींस हें उत्तर आवडलें नाहीं. दादांस आवडलें.

वहिनींनीं चहा आणिला तरी तो बसला नाहीं. आधीं सबंध दोर त्यानें बोटांतून वीत-वीत सरकवून पाहिला. टोंकापासून आठ-दहा हातांवर बोटें थांबलीं. करवतीचा बारीकसा ओरखडा होता. त्यानें चाकू काढून तेवढा दोर तेथूनच कापून टाकिला. इंग्लंडांत १९९८ पासूनच्या नियमानें चढण्याचें हें सामान दर सहा महिन्यांनीं तज्ज्ञाकडून तपासून घ्यावें लागतें, आणि रोजची तपासणी ज्याची त्यानें करावयाची असते. येथें त्यास विचारणारा कोणी नव्हता. चहा तोंवर निवला होता.

यंदाच्या आषाढांत त्या छेदाच्या कडेनें नव्या सालीची बांगडीसारखी गोल कड आली आहे. दादा दर रविवारीं माडीच्या खिडकींतून ती पाहतात, आणि पुतण्याकडून तिचा फोटो काढवून मागच्या महिन्याच्या फोटोशीं ताडून बघतात.