'वेग' या शब्दाचे दोन अर्थ आणि आंतरजालाची जोडणी

आंतरजाल-सेवा पुरविणारी संस्था ग्राहकांना जे देते, ते तिला स्वतःला एखाद्या मोठ्या जालाकडून घ्यावे लागते. ही वरची जोडणी निवडताना 'वेग किती?' हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु या एका शब्दात दोन भिन्न गुण एकवटले आहेत : दर सेकंदास किती मजकूर वाहून नेता येतो ती वहनक्षमता, आणि प्रश्न धाडल्यापासून उत्तर येईपर्यंत लागणारा विलंब. पाट रुंद केला म्हणजे पाणी अधिक मिळते. परंतु पाटाची लांबी तीच राहिल्यास पहिला थेंब लवकर पोहोचेल असे नाही.

अंदमान-निकोबार बेटांच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. सूक्ष्मलहरींच्या मनोऱ्यांना परस्परांची दृष्टिरेषा लागते. त्यामुळे चेन्नईपासून तेराशेहून अधिक किलोमीटरांच्या समुद्रावर तो मार्ग संभवत नव्हता. २०२० पर्यंत या बेटांची मुख्य भिस्त उपग्रहांवर होती. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न व उत्तर मिळून हे अंतर चार वेळा कापावे लागते. म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. वहनक्षमता कितीही वाढविली, तरी हा विलंब घटत नाही. उलट, आंतरजालाच्या मूळ संकेतानुसार पोच मिळण्यापूर्वी ६४ किलोबाइटांहून अधिक मजकूर पाठविता येत नसे. अर्ध्या सेकंदाच्या फेरीत अशा एका संवादास सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट लाभे. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची तरतूद झाली, पण फेरीचा काळ तसाच राहिला.

१० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नई ते पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) व तेथून इतर बेटांपर्यंत जाणाऱ्या, एकूण सुमारे २,३०० किलोमीटर लांबीच्या समुद्री प्रकाशतंतूचे उद्घाटन झाले. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. ही सबंध लांबी जाऊन-येऊन कापली, तरी एका सेकंदाचा चाळिसावा भागही पुरता लागत नाही. येथे दोन्ही गुण एकदम सुधारले.

तथापि तंतू तुटू शकतो. १५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिकमधील टोंगा येथे ज्वालामुखीच्या उद्रेकाने समुद्री तंतू तुटला. मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत होण्यास सुमारे पाच आठवडे लागले, व तोवर मर्यादित संपर्क राहिला तो उपग्रहांमुळेच. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांत विलंबही पुष्कळ कमी असतो. मात्र वहनक्षमतेत ते समुद्री तंतूची बरोबरी करीत नाहीत.

यास्तव करारपत्रात केवळ 'वेग' लिहिणे पुरेसे नाही. वहनक्षमता किती, विलंब किती, आणि पहिला मार्ग खंडित झाल्यास त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा मार्ग कोणता, असे तीन प्रश्न पृथक्पणे विचारले पाहिजेत. एका शब्दाच्या संदिग्धतेमुळे रुंद पाट विकत घेऊनही पहिल्या थेंबाची वाट पाहत बसण्याची पाळी येते, आणि ती संस्थेपेक्षा तिच्या ग्राहकांवर अधिक येते.