जुन्या मोटारीचा योगक्षेम

अप्राप्त वस्तूची प्राप्ति तो योग आणि प्राप्त वस्तूचें रक्षण तो क्षेम, असें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. यांतील दुसरें पद किती खर्चाचें, हें मात्र दादरच्या आमच्या घरांतील मोटारीनें आम्हांस शिकविलें. तिला बारा वर्षें झालीं असून ती १,४०,००० किलोमीटर चालली आहे. वहिनींना आठवड्यांतून दोनदां परळच्या रुग्णालयांत न्यावें लागतें. तेव्हां ती वाटेंत बंद पडून चालावयाचें नाहीं.

'काका, यंदा दुरुस्तीस ५२,००० गेले. आतां विका,' असें पुतण्यांचें म्हणणें. आम्हीं वही उघडली. त्यांत १८,००० चार टायरांचे होते. टायर नव्या गाडीचेही झिजतात. क्लचचे १४,००० हे खरोखर पुलांवरील गर्दीचे, कारण तेथें अर्धा क्लच दाबून गाडी इंचाइंचानें सरकवावी लागते. पांच वर्षांची बेरीज १,४०,०००, म्हणजे सालीना २८,०००. नव्या गाडीचा हप्ता महिन्यास १५,००० धरला, तर दोन महिन्यांतच तेवढे जातात.

मुंबईकरांनीं हा क्षेम पद्मिनी टॅक्सींत पाहिला आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची ही गाडी, १०८९ सी. सी.चें साधें एंजिन, कोणाही मिस्त्रीस उघडतां येणारें. कारखान्यांतून ती निघेनाशी झाल्यावरही टॅक्सीवाल्यांनीं ती वर्षानुवर्षें चालविली. शेवटची टॅक्सी ताडदेव येथें २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली.

आजच्या एंजिनाची गोष्ट निराळी. पुष्कळ एंजिनांत टायमिंग बेल्ट म्हणून रबरी पट्टा असतो. पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत तो बदलावाच लागतो. तो तुटल्यास कित्येक एंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून वाकतात, आणि थोडक्यांत होणारें काम सबंध एंजिन खोलण्यावर जातें. तुटण्यापूर्वीं आवाज नाहीं, धूर नाहीं! हा खर्च आम्हीं दोनदां पुढें ढकलला, ही आमची चूक. अखेर लालबागच्या एका मिस्त्रीनें पट्ट्यावरील भेगा दाखविल्या, तेव्हां ११,००० मुकाट्यानें मोजले. काढलेला भाग परत मागून घ्यावा, ही रीति आम्हीं तेव्हांपासून पाळली आहे.

पुतण्यांचें एक म्हणणें आम्हांस मान्य आहे. एंजिनाचा भाग बदलतां येतो. परंतु खारी हवा व तुंबलेलें पाणी यांनीं सांगाड्याचा पत्रा खाल्ला, तर त्यावर पैसे घालणें व्यर्थ. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणी नवी करण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली. त्यास अजून तीन वर्षें आहेत. पाऊस सरला कीं गाडी वर उचलून तिचा तळ पाहावयाचा ठरलें आहे. पुतण्यांनाही बरोबर येण्यास सांगितलें आहे.