हवेची वाट

दुपार कलते आहे. वाशीत मार्केट यार्डाकडे वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली आहे आणि रस्त्यालगतच्या शेडमध्ये साठच्या दशकातली फोक्सवॅगन बीटल मागचं झाकण उघडून उभी आहे. हिचं इंजिन मागेच. चालू झालं की आत कुठेतरी पत्रा थरथरतो. मिस्त्री हात वर करतात, मालक गाडी बंद करतात.

“आवाजाचं नंतर बघू साहेब. आधी हवा कुठनं निसटते ते शोधू.”

मिस्त्रींची हयात प्रीमियर पद्मिनीवर गेली. तिथे गाडी तापली की आधी रेडिएटरचं पाणी बघायचं. इथे रेडिएटरच नाही. डायनॅमोच्या दांड्यावरचा पंखा हवा खेचतो आणि पत्र्याच्या कवचातून चारही सिलिंडरांवर ढकलतो. खालून बाहेर पडलेली तापलेली हवा पुन्हा वर येऊ नये, तेही हाच पत्रा बघतो. त्याचे स्क्रू ढिले झाले की इंजिन तापायला लागतं. त्यातही तीन नंबरचा सिलिंडर आधीच गांजलेला: ऑइल कूलर त्याच्या वाटेत उभा, त्यामुळे त्याला मिळते ती हवाच कोमट. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलर बाजूला हलवला. ही गाडी त्याआधीची.

तीन-चार स्क्रू नुसते आवळून भागतं. चार नंबरच्या प्लगजवळचा मात्र गोल गोल फिरतोच आहे. मिस्त्री तो चिमट्याने ओढून काढतात. आट्यांत पांढरी भुकटी भरली आहे. ही हेडच्या ॲल्युमिनियमची. लोखंडी स्क्रू, ॲल्युमिनियमचं हेड आणि वर खाडीचा खारा वारा. आटे खाल्ले गेले आहेत.

“जाडा स्क्रू ठोकला तर?” मालक विचारतात.

“आज बसेल. पुढच्या वेळी हेडच जाईल.”

मिस्त्री आजूबाजूच्या फटींत चिंध्या कोंबतात, भोक किंचित मोठं करतात आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरतात. अर्धा फेरा पुढे, जरा मागे, पुन्हा अर्धा फेरा पुढे. मध्येच टॅप बाहेर काढून पुसतात. ग्रीसमध्ये अडकलेला चकचकीत कीस फडक्यावर येतो. मग तारेची बारीक गुंडाळी, हेलिकॉइल, नव्या आट्यांत फिरवत उतरवतात आणि तिचं तळाचं टोक खट्कन मोडून चिमट्याने उचलून घेतात. आता स्क्रूला पोलादाचे आटे मिळाले. जाडा स्क्रू पाच मिनिटांत बसला असता आणि कोणाला कळलंही नसतं. जुन्या गाड्या टिकतात त्या अशा कामामुळे, असं मला मनापासून वाटतं.

नवा स्क्रू, खाली स्प्रिंग वायसर. आधी बोटांनी, मग आखूड स्क्रू ड्रायव्हरने, बसल्याचं हाताला कळेपर्यंतच.

चावी फिरते. थरथर गेली आहे. मिस्त्री मात्र पत्रा बॉडीला भिडतो त्या कडेने तळवा फिरवत राहतात आणि डाव्या कोपऱ्यात थांबतात. तिथली रबरी पट्टी वाळून तडकली आहे. गरम झोत वर येतो आहे.

“ही बदलेपर्यंत खाडीपुलाच्या ट्रॅफिकमध्ये घालू नका.”

मालक टेप मागतात. मिस्त्री एक टोक धरतात, मालक कडेकडेने दुसरं टोक नेत माप घेऊ लागतात.