बोटीवरची गॅसची शेगडी : दुरुस्ती की बदली?

जून आणि जुलै या दोन महिन्यांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. डहाणू-सातपाटीपासून हर्णै, रत्नागिरी, मालवणपर्यंत बोटी किनाऱ्याला लागलेल्या दिसतात. कुणी बोट शाकारून ठेवतो, कुणी इंजिन खोलतो, कुणी जाळ्यांची डागडुजी करतो. नारळी पौर्णिमेच्या आत सारे ठाकठीक व्हायला हवे असते. या तयारीत एका वस्तूकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे बोटीवरची गॅसची शेगडी.

शेगडीत ते काय पाहायचे, असे तुम्ही म्हणाल. पेटते आहे ना, मग झाले! पण जी बोट आठ-दहा दिवस समुद्रात राहते, जिच्यावर आठ-दहा माणसांचा दोन वेळचा भात-कालवण आणि चार वेळचा चहा होतो, तिच्यावर शेगडी ही इंजिनाइतकीच महत्त्वाची असते. पूर्वी गलबतांवर लाकडी पेटीत माती भरून तिच्यावर चूल मांडीत. पुढे रॉकेलचा स्टोव्ह आला. आता बहुतेक ठिकाणी गॅस आहे. गॅस सोयीचा खराच, पण त्याचा स्वभाव चुलीपेक्षा निराळा आहे. तो स्वभाव नीट ध्यानात आला की जुनी शेगडी दुरुस्त करावी की टाकून द्यावी, याचे उत्तर आपोआप मिळते.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण. दाबाखाली तो द्रवरूप राहतो आणि बाहेर पडला की वायुरूप होतो. यातली मुख्य गोष्ट अशी, की हा वायू हवेपेक्षा जड आहे. प्रोपेन सुमारे दीडपट, तर ब्यूटेन सुमारे दुप्पट. त्यामुळे गळालेला गॅस धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. घरात तो जमिनीलगत पसरतो, आणि दारे उघडली की उंबऱ्यावरून बाहेर निघून जाऊ शकतो. बोटीला खाली दार कुठून असणार? पाणी आत येऊ नये म्हणूनच तर बोट बांधलेली असते. जे बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ते आतला गॅसही बाहेर जाऊ देत नाही. गळालेला गॅस फळ्यांखाली, इंजिनाच्या बाजूला, तळातल्या साचलेल्या पाण्यावर जाऊन बसतो आणि तिथेच राहतो.

आता थोडा हिशेब करू. गॅसचे प्रमाण हवेत साधारण दोन ते नऊ टक्के झाले की ते मिश्रण पेट घेऊ शकते. घरगुती शेगडीचा एक बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. समजा, वाऱ्याने ज्योत विझली आणि चावी तासभर उघडीच राहिली. दीडशे ग्रॅम गॅस म्हणजे सुमारे अडुसष्ट लिटर वायू. दोन टक्क्यांच्या हिशेबाने त्यातून जवळजवळ साडेतीन हजार लिटर स्फोटक हवा तयार होऊ शकते. दोनशे लिटरची डिझेलची पिंपे तुमच्या डोळ्यांपुढे असतीलच. तशी सतरा पिंपे भरतील एवढी ही हवा झाली. मग पहाटे कुणीतरी इंजिन चालू करायला जातो. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे खरे, पण स्टार्टरची मोटर, बॅटरीची जोडणी, पंपाचे बटण, यांतली एक ठिणगी पुरे होते.

वास येईल की, असेही कुणी म्हणेल. मुळात या गॅसला वास जवळजवळ नाहीच. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. पण बोटीवर मासळीचा, डिझेलचा, तळातल्या पाण्याचा वास आधीच दाटलेला असतो. शिवाय गॅस असतो पायांखाली आणि आपले नाक असते पाच फूट वर. म्हणून एकट्या नाकावर भिस्त ठेवून भागत नाही.

आपल्याकडे एक रीत पडून गेली आहे. घरात नवी शेगडी आली की जुनी बोटीवर जाते. काटकसर म्हणून हे योग्य वाटते, पण वरचा हिशेब पाहिला तर ते उलटे आहे. घराला दार आहे, शेजार आहे, पळायला अंगण आहे. बोटीला यातले काही नाही. तेव्हा जुनी शेगडी चालवायचीच असेल तर घरात चालवा, बोटीला मात्र चांगली द्या.

तरी प्रत्येक जुनी शेगडी टाकूनच द्यावी असे नाही. आधी ती उतरवून उजेडात घ्या. दुरुस्त होण्यासारखे काय असते ते पाहू. ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असेल, तर बहुधा बर्नरची भोके तेलामिठाने बुजलेली असतात किंवा हवा आत घेणारे तोंड अडलेले असते. बर्नर काढून गरम पाण्यात सोड्याने धुवा, ब्रशने घासा आणि पूर्ण वाळवा. बर्नरखाली पितळेचे बारीक छिद्राचे जेट असते. त्यात तार किंवा टाचणी खुपसू नका. छिद्र केसभर मोठे झाले तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची बिघडते. जेट साफ होत नसेल तर नवे बसवून घ्या, त्याची किंमत फार नसते. चावी घट्ट फिरत असेल तर मेकॅनिककडून ती खोलून योग्य ग्रीस लावून घ्यावे. तिथे इंजिनाचे ग्रीस चालत नाही.

रबरी नळीच्या बाबतीत मात्र दुरुस्ती हा शब्दच विसरा. प्रमाणित नळीवर वर्ष छापलेले असते आणि पाच वर्षांनी ती बदलावी असा नियम आहे. बोटीवर ऊन, डिझेल आणि उंदीर हे तिघेही तिच्या मागे लागलेले असतात, म्हणून दर हंगामाला ती वाकवून पाहा. बारीक भेगा दिसल्या की पाच वर्षांची वाट पाहू नका. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, तिला मध्ये सांधा नको आणि ती सगळीच्या सगळी डोळ्यांना दिसली पाहिजे. फळीतून किंवा भिंतीतून गॅस न्यायचा असेल तर तिथे जाणकाराकडून धातूची नळी घालून घ्यावी.

आता टाकून कोणती द्यावी ते सांगतो. शेगडीच्या आतली गॅसची मुख्य नळी गंजली असेल, बर्नरला तडा गेला असेल, चावी नवी ग्रीस लावूनही गळत असेल, किंवा सांगाडा इतका खंगला असेल की स्क्रू धरत नाही, तर त्या शेगडीवर पैसे घालू नका. वरून पॉलिश केलेल्या पत्र्याखाली काय आहे ते उलटी करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

समुद्रावर शेगडी इतक्या लवकर का खराब होते, हे शिक्षकांनी मुलांना जरूर समजावून द्यावे. पुष्कळ शेगड्यांत बर्नर पितळेचा आणि त्याखालची नळी ॲल्युमिनियमची असते. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि वर खारी ओल, म्हणजे ती एक छोटी बॅटरीच झाली. व्होल्टाने १८०० साली दोन धातूंचे तुकडे आणि खारट पाण्याने भिजवलेले कापड यांची चळत रचून वीज निर्माण केली, तीच ही क्रिया. फरक इतकाच, की इथे त्या विजेचा उपयोग होत नाही आणि ॲल्युमिनियम मात्र झिजत जाते. वर्गात तांब्याची तार आणि ॲल्युमिनियमची पट्टी मिठाच्या पाण्यात बुडवून मीटर लावा, काटा हललेला मुलांना दिसेल. स्टेनलेस पोलादही मिठापुढे अगदी अभंग नसते. ३०४ नंबरच्या पोलादापेक्षा ३१६ नंबरचे समुद्रावर जास्त टिकते, कारण त्यात मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला असतो.

नवी शेगडी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली आणि सर्वांत मोठी, ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय. यात बर्नरजवळ एक बारीक दांडी असते. तिच्या आत दोन निराळ्या धातूंचा सांधा असतो. असा सांधा तापला की थोडी वीज निर्माण होते, हा शोध सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८२१ साली लावला. ती वीज इवलीशी, पण एका लोहचुंबकाला धरून ठेवण्यापुरती असते आणि तो चुंबक गॅसची झडप उघडी ठेवतो. ज्योत विझली, दांडी थंड झाली, वीज संपली की स्प्रिंग झडप मिटवते. अशी शेगडी पेटवताना चावी काही सेकंद दाबून धरावी लागते. घाईत काही जण त्याला कंटाळतात. पण रात्रीच्या वाऱ्यात उकळता चहा उतू जाऊन ज्योत विझली, तर सर्वांचा जीव वाचवणारी ही एवढीशी दांडीच असते.

दुसरी गोष्ट, जेट कोणत्या गॅसचे आहे. शहरांतून आता पाइपने नैसर्गिक गॅस येतो. त्याच्या एका लिटरमध्ये सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी उष्णता असते, म्हणून त्या शेगडीची जेटे मोठ्या छिद्राची असतात. मुंबईच्या नातेवाइकाने दिलेली तशी शेगडी सिलिंडरला जोडली तर ज्वाळा भडकतात आणि काजळी होते. जेटे बदलल्याशिवाय ती लावू नये.

तिसरी गोष्ट, शेगडी हलता कामा नये. घरातल्यासारखी ती नुसती ठेवून चालणार नाही. स्क्रूने पक्की करा आणि भांडे घसरू नये म्हणून भोवती उंच कड लावा. शिडाच्या काही बोटींवर शेगडी दोन खिळींवर पाळण्यासारखी टांगतात, म्हणजे बोट कलली तरी भांडे सरळ राहते. मात्र त्या शेगडीची नळी रोजच वाकते, तेव्हा ती त्याच कामासाठी बनवलेली असावी लागते.

चौथी गोष्ट सिलिंडरची जागा. तो बोटीच्या पोटात कधीही ठेवू नका. वर, उघड्यावर, सावलीत, उभा आणि पक्का बांधलेला असावा. आडवा ठेवला तर वायूऐवजी द्रवच नळीत येतो. पेटी केली तर तिच्या तळाला भोक ठेवून त्याची वाट थेट बोटीबाहेर काढावी, म्हणजे गळालेला गॅस समुद्रावर जाईल. आणि हो, लाल रंगाचा १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठी असतो. धंद्याच्या बोटीला १९ किलोचा व्यापारी किंवा पाच किलोचा छोटा रीतसर घ्यावा.

जोडणी झाली की तपासणी. साबणाचे पाणी करून रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके आणि चाव्या यांना लावा. बुडबुडे आले की गळती आहे असे समजा. काडी ओढून गळती शोधणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. जाणकार मेकॅनिक आणखी एक परीक्षा करतो. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून येणाऱ्या गॅसचा दाब सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उचलण्याइतका असतो. इंग्रजी यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी घालून ती जोडायची, मग सिलिंडर बंद करून पाण्याच्या पातळीकडे पाहत राहायचे. पातळी घसरत गेली तर कुठेतरी गळते आहे. ब्रिटनमध्ये नदी-कालव्यांतल्या बोटींसाठी १९९७ पासून सुरक्षा तपासणीची योजना आहे आणि दर चार वर्षांनी दाखला घ्यावा लागतो. त्यात गॅसची जोडणीही पाहिली जाते. आपल्याला तर दरवर्षी दोन महिने मोकळे मिळतात. त्यांतला एक दिवस या कामाला द्यावा.

एवढे करूनही कधी गॅसचा वास आलाच तर काय करावे? सिलिंडर बंद करा. कोणतेही बटण दाबू नका, चालू असलेला दिवाही विझवू नका, इंजिन सुरू करू नका, विडी-काडी बंद. सगळ्यांना वर घ्या आणि झाकणे उघडा. पण झाकणे उघडली म्हणजे गॅस गेला असे समजू नका, तो तळाशी आहे. हातपंपाने उपसा, किंवा प्लास्टिकच्या बादलीने, पाणी उपसावे तसा, वर आणून बाहेर ओता. ऐकायला हसू येईल, पण जड वायू असा उपसता येतो.

आणखी एक इशारा. ऊब हवी म्हणून बंद केबिनमध्ये शेगडी पेटती ठेवून झोपू नका. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपेतल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

तेव्हा मंडळी, दर्याला नारळ वाहण्याआधी शेगडी एकदा उलटी करून पाहा. भात शिजला की आधी सिलिंडर बंद करा, मग चावी बंद करा, ही सवय नव्या खलाशालाही पहिल्याच दिवशी लावा. शाळांतल्या गुरुजी-बाईंनी हा जड वायूचा आणि बिनदाराच्या बोटीचा धडा मुलांना दिला, तर घरी जाऊन मुलेच बापाला विचारतील, "बाबा, आपल्या बोटीवरची नळी कोणत्या सालची?" त्या प्रश्नाचे उत्तर बापाजवळ तयार असावे.