शुगरच्या गोळीआधी किडनीचा रिपोर्ट

दर्यापूर तालुक्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं, पण त्याआधीच्या पिढ्यांनी विहिरीचं खारं पाणीच प्यायलं. किडनीच्या तक्रारी इथल्या गावांना नव्या नाहीत. त्यामुळे मधुमेहाच्या औषधांबद्दल इथे बोलायचं, तर किडनीपासूनच सुरुवात करावी लागते.

टाइप टू मधुमेहात बहुतेकांना पहिली गोळी मिळते ती मेटफॉर्मिनची. यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असतं. ही गोळी त्याला आवर घालते आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देऊ लागतं. औषध स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यातही मिळतं, आणि एकट्याने घेतल्यास त्याने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. जेवणासोबत घेतली नाही तर मळमळ, जुलाब होतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकतं. पाय बधिर झाले की सगळा दोष शुगरवर टाकण्याआधी बी-12 तपासलेलं बरं, विशेषतः शाकाहारी माणसाचं.

हे औषध मात्र किडनीवाटे बाहेर पडतं, आणि गफलत होते ती इथेच. क्रिएटिनिन 1.4 आलं की ‘थोडंच वाढलंय’ म्हणून रिपोर्ट घडी करून ठेवला जातो. पण 30 वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन 1.4 असेल, तर किडनीची गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर साधारण 69 निघतो. 65 वर्षांच्या बाईचा तेवढ्याच क्रिएटिनिनला 42 च्या आसपास. ईजीएफआर 45 च्या खाली गेला की मेटफॉर्मिन सहसा नव्याने सुरू करत नाहीत, आधीपासून चालू असेल तर डोस कमी करतात. 30 च्या खाली गोळी बंदच. शेजारणीची गोळी आपल्याला चालत नाही, ती यासाठी.

दुसरी घरोघरची गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया पहाटे गोळी घेऊन वावरात जातात आणि भाकर खायला दुपार होते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी असंबद्ध बडबड. हे ऊन लागणं नाही, साखर उतरलेली असते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावं. फरक नसेल तर पुन्हा साखर द्यावी, साखर सावरली की जेवायला घालावं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नये, थेट दवाखाना गाठावा. उपवासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची, हे डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारायला हवं.

किडनी खालावली की अशा गोळ्यांचा असर लांबतो. शिवाय इन्सुलिनचा निचरा करण्यात किडनीचाही वाटा असतो. तिचं काम मंदावलं की साखर आपोआप उतरू लागते. “शुगर त नार्मल आली, आता कायले पायजे गोळी?” असं घरी म्हटलं जातं ते अशाच वेळी, आणि मागे चाललेलं नुकसान कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या एचबीए1सी तपासणीच्या जोडीला वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्यायलाच हवं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या हीच किडनी आणखी थकवतात. तेही डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.

हे निवडीचे पर्याय फार जुने नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार छळलं, पायांच्या वेदनांनी झोप येत नसे. त्या काळात मुख्य आधार इन्सुलिनचाच होता. 6 डिसेंबर 1956 ला ते गेले, आणि फ्रान्समधले डॉक्टर झाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचे रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले ते 1957 मध्ये. आज भारतात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीने दिला आहे. त्यांच्यापुढे औषधांचे कितीतरी गट आहेत.

आपल्या भागासाठी त्यातला महत्त्वाचा गट म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला त्यांचा फायदा होतो, हे 2015 नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. किंमत मात्र आड येत होती. मार्च 2025 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि 60 रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी 10 रुपयांच्या आत आणली. खारपाणपट्ट्यातल्या मधुमेह्याने ‘ही गोळी मला चालेल का’ हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

जपायचंही आहे. लघवी वाढते, गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो तेव्हा अंगातलं पाणी लवकर आटतं. ओकारी-जुलाब लागले, अन्नपाणी पोटात ठरत नसेल, तर ही गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र ते परस्पर बंद करू नये.

इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं, ही भीती इथे अजून घट्ट आहे. बरीच वर्षं गेली की स्वादुपिंडाची ताकद घटते आणि गोळ्या पुरेनाशा होतात. त्यात रुग्णाचा दोष नाही. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नको. वापरातली बाटली उन्हाळ्यात वीज गेलेल्या घरात ओल्या मातीच्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत घालून ठेवली तरी चालते.