आयुर्वेद स्नातकांची आंतरवासिता आणि आधुनिक चिकित्सेचा अधिकार

बी.ए.एम.एस.चा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम संपला की एक वर्षाची आंतरवासिता येते. ती कशीबशी उरकावी, एखाद्या मोठ्या खाजगी रुग्णालयात आर.एम.ओ. म्हणून रुजू व्हावे, म्हणजे आधुनिक चिकित्सेचा हात आपोआप बसेल, असा समज नवस्नातकांत दृढ झालेला दिसतो. आपली मुले व साहाय्यक याच वाटेने जात असल्याने हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. महाराष्ट्र शासनाने महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये २५ नोव्हेंबर १९९२ रोजी जी अधिसूचना काढली, तिने नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांस आधुनिक पद्धतीने चिकित्सा करण्याची मुभा दिली. पण ती त्या पद्धतीचे जितके प्रशिक्षण मिळाले असेल तितक्याच मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये डॉ. मुख्तियार चंद प्रकरणात स्पष्ट केले की, असा अधिकार संबंधित राज्याच्या कायद्याने दिला असेल तरच असतो. म्हणजे राज्याची सीमा ओलांडताच तो गृहीत धरता येत नाही. आणि राज्याच्या आतही ‘मिळालेले प्रशिक्षण’ हाच त्याचा पाया आहे. उद्या एखाद्या प्रकरणी न्यायालयात वा ग्राहक मंचात विचारणा झाली तर वैद्याने पुढे काय ठेवायचे? गुणपत्रिका, आणि आंतरवासितेची नोंदवही.

सुश्रुताचार्यांनी विशिखानुप्रवेशनीय अध्यायात शास्त्राचे अध्ययन, कर्माचे दर्शन, योग्या म्हणजे हाताचा सराव, आणि शेवटी राजाची अनुज्ञा, यांनंतरच वैद्याला व्यवसायात प्रवेश सांगितला आहे. आज अनुज्ञा आधी हवी आणि योग्या सवडीने, असा उलटा क्रम पडला आहे.

२०२२ च्या राष्ट्रीय नियमावलीने आंतरवासितेचे दोन पर्याय दिले. एकात सहा महिने महाविद्यालयाच्या रुग्णालयात व सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा जिल्हा रुग्णालय आदी ठिकाणी. दुसऱ्यात बाराही महिने महाविद्यालयाच्याच रुग्णालयात. दुसरा पर्याय सोयीचा, पण ज्याला पुढे संमिश्र व्यवसाय करावयाचा आहे त्याने तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भंडारदरा परिसरातून पाहता हे अधिकच पटते. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात सर्पदंश, विंचूदंश, अडलेली बाळंतीण, बालकांचा अतिसार हे सारे आधी जवळच्या शासकीय केंद्रातच येते. आदिवासी भागांतील भरारी पथकांत वर्षानुवर्षे आपलेच स्नातक काम करीत आले आहेत. अशा ठिकाणी सहा महिने मन लावून काढलेल्या विद्यार्थ्याला शिरेतून द्रव देणे, टाके घालणे, प्रसूती पाहणे, रुग्ण वेळीच पुढे पाठविणे हे अधिकृत देखरेखीखाली शिकता येते.

आर.एम.ओ.च्या नोकरीतून अनुभव मिळतो, हे कोणी नाकारणार नाही. (रात्रपाळीत कोण राबतो, हे सर्वांना ठाऊक आहे!) परंतु ती मान्यताप्राप्त रेसिडेन्सी नव्हे. तिच्यातून आधुनिक वैद्यकातील पदव्युत्तर पदवीचा मार्ग निघत नाही, नीट-पीजीसाठी एम.बी.बी.एस. आवश्यकच आहे. डिसेंबर २०१७ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकात सेतू अभ्यासक्रमाची तरतूद होती, ती २०१८ मध्येच वगळण्यात आली. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याचा आवाका उपकेंद्रापुरता.

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथीच्या पदवीधरांचा अनुभव येथे उद्बोधक आहे. त्यांना वैद्यकीचा पूर्ण परवाना मिळतो, एवढा मोठा फरक लक्षात ठेवावा. तरीही पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ओक्लाहोमा, फ्लोरिडा या राज्यांत परवान्यासाठी त्यांच्या संघटनेने मान्य केलेली एक वर्षाची इंटर्नशिप लागत असे. जो थेट ॲलोपॅथिक रेसिडेन्सीत गेला, त्याला शिकून झाल्यावर या राज्यांत परवान्याची अडचण येई आणि विशेष मान्यतेसाठी अर्ज करावा लागे. दोन्ही बाजूंनी २०१४ मध्ये एकत्र मान्यतेचा करार केला व २०२० मध्ये ती व्यवस्था पूर्ण झाली. तेथे पदवीधरांच्या संघटनेने प्रशिक्षणाची अट सोडून दिली नाही. ते प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या कसोटीला उतरविले. आपल्याकडे मात्र अधिकाराची मागणी मोर्च्यात होते आणि आंतरवासितेची हजेरी कागदावर भरली जाते.

औषधविक्रेत्या बंधूंचाही येथे संबंध येतो. आंतरवासीयाची नोंदणी तात्पुरती असते व त्याने देखरेखीखालीच काम करावयाचे असते; त्याच्या एकट्याच्या चिठ्ठीवर अनुसूची ‘एच’मधील औषध देऊ नये. चिठ्ठीवर वैद्याची सही, दिनांक, रुग्णाचे नाव-पत्ता व औषधाचे प्रमाण असणे नियमाने आवश्यक आहे. नोंदणी क्रमांकही पाहून घ्यावा.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे की, नोंदवहीत दिनांक, विभाग, रुग्णाची तक्रार, स्वतः केलेले कर्म आणि वरिष्ठांची सही त्याच दिवशी घ्यावी, आणि तिची एक प्रत आयुष्यभर जपून ठेवावी.