वॉर्डातली साखर

आषाढात लावणी लागली की पेणच्या खारेपाटात आणि रोह्याच्या कुंडलिकाकाठी माणसं दिवसभर चिखलात उभी असतात. तळपायाला काटा टोचला तरी त्या धांदलीत कोण बघतो? जुना मधुमेह असेल तर पायाची जाणीव कमी झालेली असते, काटा कळतच नाही. मग पाय सुजतो, ताप भरतो आणि उपजिल्हा रुग्णालयात खाट धरावी लागते. तिथे साखर निघते 350. ‘घरी तर दीडशेच्या वर जात नव्हती,’ असं नातेवाईक सांगतात, तेव्हा ते बहुधा खरंच बोलत असतात.

जंतुसंसर्ग झाला की शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनलिन वाढतं. यकृत रक्तात साखर सोडू लागतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, जखम भरत नाही. त्यात स्टेरॉइड द्यावं लागलं तर साखर आणखी उसळते. 2021मध्ये कोविडनंतर म्युकरमायकोसिसनं महाराष्ट्रात जे थैमान घातलं, त्यामागे अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही मोठी कारणं होती.

म्हणून दवाखान्यात बऱ्याचदा नेहमीच्या गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू करतात. मूत्रपिंडावर ताण असेल तर मेटफॉर्मिन बंद ठेवतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात. ‘एकदा सुई लागली की जन्माची’ ही भीती गावोगाव आहे, पण ती बहुतेकदा फोल ठरते. आजार ओसरल्यावर अनेक जण पुन्हा गोळ्यांवर येतात.

मग साखर किती खाली आणायची? एकेकाळी अतिदक्षता विभागात ती अगदी निरोगी माणसाइतकी, 110च्या आत ठेवण्याचा आग्रह होता. 2009मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ‘नाइस-शुगर’ चाचणीचे निष्कर्ष आले आणि हा आग्रह मोडला. कडक नियंत्रणाच्या गटात 27.5 टक्के रुग्ण दगावले, सैल नियंत्रणाच्या गटात 24.9 टक्के. आता अतिदक्षता विभागात साधारण 140 ते 180 पुरेशी मानतात. साध्या वॉर्डातही 180च्या आत राहावी, पण 70च्या खाली जाऊ नये. साखर घसरली की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, आणि उपाय झाला नाही तर बेशुद्ध पडतो.

घसरण बहुतेकदा घड्याळामुळे होते. इन्सुलिन टोचलं आणि जेवणाचा डबा तासभर उशिरा आला, किंवा रुग्णानं मळमळ म्हणून भात बाजूला सारला, तर ते इन्सुलिन रिकाम्या पोटी काम करत राहतं. उलट भेटायला आलेली मंडळी शहाळं, बिस्किटं, गोड चहा देतात, आणि पुढच्या तपासणीत साखर का चढली ते कुणालाच समजत नाही. आजाऱ्याला चालेलच म्हणून दिलेली तांदळाची पेजही साखर झपाट्यानं वाढवते.

या भागात आणखी एक अडचण आहे, रस्त्याची. प्रकृती बिघडली की रुग्णाला अलिबागला, पनवेलला किंवा नवी मुंबईला हलवतात. वडखळ नाक्यावर गाडी अडकली तर सकाळच्या इंजेक्शनवर दुपार उलटते. गाडीत बसण्यापूर्वी शेवटचं इन्सुलिन किती वाजता, किती युनिट दिलं आणि रुग्णानं शेवटचं कधी खाल्लं, हे रेफरच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायलाच हवं. शुद्धीवर असलेल्या, गिळता येणाऱ्या रुग्णाची साखर उतरली तर द्यायला ग्लुकोजची पुडी सोबत असावी.

घरी परतताना सिरिंजकडेही पाहा. आपल्याकडे कुप्यांतलं इन्सुलिन मिलिलिटरला 40 युनिटचंही मिळतं आणि 100चंही. 100 युनिटचं औषध 40च्या, म्हणजे लाल टोपणाच्या सिरिंजनं दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर शरीरात 25 युनिट जातात. कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे सुट्टी होण्याआधी नर्सला विचारून घ्या.